गहू सोडला, पण रोग कोणता?

पोट बिघडले की आपल्याकडे पहिला संशय तेलावर, दुसरा वांग्यावर आणि तिसरा बाहेरच्या खाण्यावर घेतला जाई. गेल्या काही वर्षांत या यादीत गव्हाची भर पडली आहे. पोट फुगते, गॅस होतो, अंगात त्राण राहत नाही, म्हणून कोणीतरी सांगते, 'पोळी बंद करून बघ.' रोगी पोळी बंद करतो. आठ-दहा दिवस बरे वाटते. मग घरात मंगलकार्य निघते, पुरणपोळी ताटात पडते आणि नाही म्हणवत नाही. पुन्हा चार दिवस पथ्य, पुन्हा मोड. सहा महिन्यांनी हा रोगी दवाखान्यात येतो, तेव्हा पोटापेक्षा त्याचे मनच अधिक खचलेले असते. 'डॉक्टर, माझ्याच्याने पथ्य पाळवत नाही,' असे तो मान खाली घालून सांगतो.

अशा रोग्याला मी आधी एकच विचारतो, 'तुम्हाला गहू वर्ज्य आहे, हे ठरवले कोणी?' बहुतेकांजवळ याचे उत्तर नसते. आणि पथ्य न जमण्याचे मूळ कारणही बहुतेक वेळा तेच असते. जन्मभर पाळायचे पथ्य नुसत्या संशयावर निभत नाही.

ग्लुटेन आणि सिलिअ‍ॅक रोग

मळलेली कणीक नळाखाली धुत राहिले तर पिठूळ पाणी निघून जाते आणि हातात रबरासारखा चिवट गोळा उरतो. हा गोळा म्हणजे मुख्यतः ग्लुटेन, गव्हातील प्रथिन. पोळी लाटताना फाटत नाही, पाव फुगतो, तो याच्याच बळावर. जव (बार्ली) आणि राय या धान्यांतही अशीच प्रथिने असतात. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, वरई व राजगिरा यांत ती नसतात.

काही व्यक्तींत मात्र या प्रथिनामुळे शरीराची संरक्षक यंत्रणा बिथरते आणि स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. आतड्याच्या अस्तरावर बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे असतात, त्यांना रसांकुर म्हणतात. अन्नरस शोषून घेण्याचे काम त्यांचे. हे रसांकुर झिजून सपाट झाले की खाल्लेले अंगी लागत नाही. यालाच सिलिअ‍ॅक रोग म्हणतात. लंडनच्या सॅम्युएल गी या डॉक्टरांनी १८८८ साली त्याचे वर्णन केले. हा रोग बरा व्हायचा असेल तर आहारानेच होईल, हेही त्यांनी ओळखले होते. पण दोषी गहू आहे, हे दाखवून दिले हॉलंडचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात तेथे अन्नाची भयंकर टंचाई पडली, पाव मिळेनासा झाला. अशा दिवसांतही हे रोगी बालक सुधारले आणि पाव पुन्हा मिळू लागताच आजारी पडले. या निरीक्षणाने डिके यांच्या आधीपासूनच्या संशयाला बळकटी आली.

रोगाची लक्षणे फसवी असतात. काहींना जुलाब होतात, वजन घटते. मुलांची उंची खुंटते. पण कित्येकांच्या पोटाची तक्रार नसतेच. लोहाच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नाही, वारंवार तोंड येते, हाडे ठिसूळ होतात, एवढीच खूण असते. भारतातील तीन विभागांच्या पाहणीचा अहवाल २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार उत्तरेत हा रोग शंभरात सुमारे एकाला आढळला, तर दक्षिणेत अगदी क्वचित. आपल्याकडे भाकरी मागे पडून पोळी रोजची झाली आहे, त्यामुळे 'हा रोग पंजाबातला, आपला नव्हे' असे म्हणून चालणार नाही.

आधी गहू, मग तपासणी

आता मुख्य मुद्दा. या रोगासाठी टी.टी.जी. ही रक्ततपासणी आहे. तालुक्याच्या गावीही रक्त घेऊन ते शहरातील प्रयोगशाळेत पाठवता येते. सोबत रक्तातील एकूण आय.जी.ए. मोजून घ्यावे, कारण काही लोकांत ते जन्मतःच कमी असते आणि मग टी.टी.जी.चा अहवाल खोटाच निर्दोष येतो. टी.टी.जी. वाढलेले निघाले तर पोटविकारतज्ज्ञ तोंडावाटे दुर्बीण घालून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचे बारीक तुकडे तपासतात. मोठ्या माणसांत निदान पक्के होते ते साधारणपणे या तपासणीनंतर. लहान मुलांत रक्तातील प्रमाण फारच जास्त असेल तर तज्ज्ञ कधीकधी दुर्बिणीशिवायही निदान करतात.

परंतु या दोन्ही तपासण्या गहू खात असतानाच खरे बोलतात. गहू थांबला की रक्तातील प्रमाण हळूहळू उतरते, आतडेही भरून येऊ लागते. म्हणजे आधी पथ्य व नंतर तपासणी केली तर रोग असूनही अहवाल 'नाही' म्हणू शकतो. अधूनमधून मोडणारे पथ्य तर दोन्हीकडून घात करते. रोग असेल तर तेवढ्या गव्हानेही आतड्याची झीज चालू राहते, आणि तपासणीची विश्वासार्हता मात्र कमी होते. रोग नसेल तर माणूस विनाकारण जेवणाला पारखा होतो.

आधीच सोडला असेल तर?

घाबरून जाऊ नये. दोन मार्ग आहेत. पहिला, एच.एल.ए. डी.क्यू. ही आनुवंशिक तपासणी. तिच्यावर पथ्याचा परिणाम होत नाही. त्यात डी.क्यू. २ किंवा डी.क्यू. ८ यांपैकी काहीच नसेल तर सिलिअ‍ॅक रोग जवळजवळ नाहीच असे धरता येते. ते आढळले म्हणून मात्र रोग आहे असे ठरत नाही. निरोगी माणसांतही ते पुष्कळ आढळते.

दुसरा मार्ग, डॉक्टरांच्या देखरेखीखाली पुन्हा गहू सुरू करणे. साधारणपणे रोज दोन मध्यम पोळ्या सहा ते आठ आठवडे खाऊन मग रक्त तपासतात. या काळात त्रास असह्य झाला तर तपासणी अलीकडे घेता येते. पाच वर्षांच्या आतील मुले, वयात येणारी वाढीची मुले आणि गरोदर स्त्रिया यांनी हा प्रयोग स्वतःच्या जबाबदारीवर करू नये.

माझ्याकडे एक गृहिणी येत असत. वय पस्तिशीच्या आतले, हिमोग्लोबिन आठ. जावेच्या सांगण्यावरून त्यांनी सात महिने पोळी सोडली होती, पण सणावारी मोडत असे. घरात 'हिचे थेर' म्हणून थट्टा व्हायची आणि त्यांनाही ते खरे वाटू लागले होते. सर्व समजावून सांगितल्यावर त्यांनी सहा आठवडे रोज पोळी खाल्ली. टी.टी.जी. बरेच वाढलेले आले, दुर्बिणीच्या तपासणीतही रोग दिसला. त्यानंतर थट्टा थांबली. सासूबाईंनी स्वतः त्यांच्यासाठी भाकरीचे पीठ वेगळ्या डब्यात भरायला सुरुवात केली. रोगाच्या आई-वडील, भावंडे व मुले यांच्यात तो असण्याची शक्यता जास्त असते, म्हणून त्यांच्या मुलीचेही रक्त तपासले. तिलाही तोच रोग निघाला. तिची उंची वर्गात सर्वांत कमी होती, आणि 'आईवर गेली आहे' म्हणून कोणी मनावर घेतले नव्हते.

याउलट निवृत्तीला आलेले एक गृहस्थ. गव्हाने पोट फुगते अशी त्यांची खात्री होती. तपासण्या निर्दोष आल्या. दिवसाचे सहा-सात कप दुधाचा चहा कमी केला, तेव्हा पोट हलके झाले. त्यांचा दोष दुधातील साखर न पचण्याचा होता. आता ते निर्धास्तपणे पोळी खातात.

गहू सोडल्यावर बरे वाटले, एवढ्याने ग्लुटेन दोषी ठरत नाही. गव्हात फ्रुक्टान नावाची एक शर्कराही असते. कांदा-लसणातही ती असते आणि काहींच्या पोटात ती गॅस करते. नॉर्वेमध्ये ५९ जणांवर केलेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. हे लोक स्वतःच्या मताने ग्लुटेन टाळत होते. त्यांना जास्त त्रास झाला तो ग्लुटेनने नव्हे, फ्रुक्टानने. शिवाय पोळी बंद झाली की बिस्किटे, खारी, पाव, सामोसेही आपोआप बंद होतात. बरे वाटण्याचे श्रेय त्यांनाही जाऊ शकते. जिआर्डियाचा जंतुसंसर्ग, थायरॉईडचा विकार, आतड्याचा क्षय यांचीही लक्षणे मिळतीजुळती असतात. शौचातून रक्त, काळी शौच, बारीक ताप, झपाट्याने घटणारे वजन किंवा पन्नाशीनंतर प्रथमच बिघडलेले पोट, यांपैकी काहीही असेल तर आहाराचे प्रयोग करत न बसता ताबडतोब डॉक्टर गाठावा. केस तपासून किंवा 'शंभर पदार्थांची' तपासणी करून पथ्य सांगणाऱ्या जाहिरातींवर पैसे घालवू नयेत.

निदान पक्के झाले तर

मग पथ्य जन्मभर आणि पूर्ण. 'सणापुरते चालते' असे नाही. सुदैवाने आपले स्वयंपाकघर यासाठी फार सोयीचे आहे. भाकरी, भात, आंबोळी, घावन, उकडीचे मोदक चालतात. साबुदाणा, भगर, राजगिरा व शिंगाडा हे उपवासाचे पदार्थही चालतात. महागडी डबाबंद पिठे घ्यायलाच हवीत असे नाही. विकत घ्यायचे झाल्यास 'ग्लुटेन-मुक्त' असा छाप पाहावा. अशा पदार्थात एका किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असू नये, असा नियम आहे.

फसगत होते ती पुढील ठिकाणी:

१) खपली गहू हाही गहूच. तो 'पचायला हलका' असला तरी त्यात ग्लुटेन आहे.

२) रवा, मैदा, दलिया, शेवया, गव्हाच्या कुरडया वर्ज्य. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिराही यातच आला. हात जोडून केळे मागून घ्यावे, देव रागावत नाही.

३) बाजारच्या हिंगात बहुधा मैदा किंवा गव्हाचे पीठ असते. डबीवरील घटक वाचावेत.

४) थालीपिठाची भाजणी, मेतकूट आणि सातूचे पीठ यांत गहू घालण्याची पद्धत आहे. घरी गव्हाशिवाय करावे.

५) गिरणीत गव्हामागोमाग ज्वारी दळली तर गव्हाचे पीठ मिसळते. वेगळ्या जात्यावर दळून घ्यावे. ते शक्य नसल्यास घरगुती चक्की बरी. परात, पोळपाट आणि डबाही वेगळा असावा.

घरच्यांनी एवढे लक्षात ठेवावे की हा नखरा नाही, औषध आहे. मधुमेह्याला कोणी आग्रहाने जिलेबी वाढत नाही, तसाच हा आग्रहही टाळावा. रोग्यानेही एखादे वेळी चूक झाली म्हणून सारे पथ्य सोडून देऊ नये. पुढच्या जेवणापासून ते पुन्हा सुरू करावे आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीने रक्त तपासून घ्यावे.

थोडक्यात, ज्यांना गव्हाचा संशय आहे त्यांनी आज पोळी बंद करू नये. ती खात असतानाच डॉक्टरांकडे जाऊन रक्त तपासून घ्यावे. एका तपासणीने जन्मभराचे पथ्य टळेल किंवा ते पाळण्याचे खरे कारण तरी हाती येईल.