आधी तार, मग वेग

पुण्यात नवं ऑफिस थाटताना नेटवर्कचा विषय निघतो तो बहुधा फॉल्स सीलिंग बंद होत आल्यावर. खुर्च्यांचा रंगसुद्धा ठरलेला असतो आणि मग कुणीतरी विचारतं, ‘पॉइंट किती काढायचे?’ खरं तर स्विच पाच-सात वर्षांत बदलतो. भिंतीतली तार पुढच्या भाडेकरूच्याही वाट्याला येते. विचार आधी तिचाच व्हायला हवा.

तसा तो झालेला पाहायचा तर नारायणगावजवळच्या खोडदला जावं. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत विखुरल्या आहेत आणि प्रत्येक तबकडी ऑप्टिकल फायबरने मध्यवर्ती इमारतीशी जोडलेली आहे. हे जाळं नव्वदच्या दशकातलं. पुढे दुर्बीण अद्ययावत झाली, तेव्हा एका वेळी टिपता येणारा पट्टा ३२ मेगाहर्ट्झवरून ४०० वर गेला. त्यासाठी वेगवेगळ्या तरंगलांबींचे लेसर एकाच तंतूतून सोडण्याचं तंत्र वापरलं गेलं. इथवर काम अ‍ॅनालॉग. इथरनेटचा संबंध येतो तो इमारतीत. ४०० मेगाहर्ट्झसाठी सेकंदाला किमान ८० कोटी नमुने घ्यावे लागतात. तबकडीमागे दोन, असे ६० संकेत धरले तर सेकंदाला ४,८०० कोटी नमुने! ते १० गिगाबिट इथरनेटवरून संगणकांकडे जातात. (आणि इतकं सगळं असलेल्या या ठिकाणी पाहुण्यांना मोबाइल मात्र बंद ठेवावा लागतो.)

पुण्यातल्याच सी-डॅक या संस्थेच्या महासंगणकांची चढण वेगळीच. १९९१च्या परम ८०००मधल्या ट्रान्सप्युटर या प्रोसेसरांचा एकेक दुवा फार तर २० मेगाबिटांचा होता. २०२०च्या परम सिद्धी-एआयमधला २०० गिगाबिटांचा. दहा हजार पट! हा दुवा इथरनेटचा नव्हे, इन्फिनिबँडचा. पण प्रोसेसर कितीही तगडे असोत, त्यांच्यामधली वाट अरुंद असली तर ते ताटकळत बसतात, हे दोन्हीकडे सारखंच.

डेटा सेंटरमध्ये हाच हिशेब रॅकवर मांडतात. रॅकच्या माथ्यावरच्या स्विचला २५ गिगाबिटांची ४८ पोर्टं आणि वर जाणारी १०० गिगाबिटांची सहा. खाली १,२०० गिगाबिट, वर ६००. सगळे सर्व्हर एकदम बोलू लागले तर निम्मंच पुढे सरकणार. वेब सर्व्हरला हे चालून जातं. एआयच्या प्रशिक्षणाला अजिबात नाही.

ऑफिसातलं गणित साधं आहे. कॅट-५ई तारेवर शंभर मीटरपर्यंत एक गिगाबिट निर्धास्त मिळतो. २०१६च्या मानकामुळे तिच्यावरून अडीच गिगाबिटही नेता येतात, त्यामुळे जुनी इमारत लगेच उकरायची गरज नाही. दहा गिगाबिट हवे असतील तर कॅट-६ साधारण ५५ मीटरपर्यंतच साथ देते. पूर्ण शंभर मीटरला कॅट-६ए लागते. नवं काम असेल तर मी तीच टाकायला सांगेन, आणि छतातल्या प्रत्येक अ‍ॅक्सेस पॉइंटला दोन तारा. वीजही त्याच तारेतून येते, म्हणून स्विचची एकूण वॅट क्षमता खरेदीआधी तपासावी. ही बाब कोटेशनमध्ये हमखास राहते.

राहिला वायफाय. अमेरिकेने २०२०मध्ये सहा गिगाहर्ट्झ परिसरातले १,२०० मेगाहर्ट्झ खुले केले. आपल्याकडे मे २०२५च्या मसुद्यात होते ५९२५ ते ६४२५, म्हणजे ५००. वायफाय ७च्या जाहिरातीत मिरवणारी ३२० मेगाहर्ट्झची वाहिनी त्यात एकच बसते, ८०च्या सहा. हिंजवडीत एकाच मजल्यावर तीन कंपन्या नांदत असतील तर जाहिरात विसरून ८०चीच आखणी करावी, आणि शेजाऱ्यांशी वाहिन्यांबद्दल आधीच बोलून घ्यावं.