पॉम म्हणून घरी आलेला स्पिट्झ

1994 साली ‘हम आपके हैं कौन’ आला आणि पुढची कित्येक वर्षं घराघरांतून एकच हट्ट ऐकू येऊ लागला: आम्हालाही टफीसारखा पॉमेरियन हवा. पण सिनेमातला तो टफी होता इंडियन स्पिट्झ. आपल्याकडे चाळीच्या गॅलरीत किंवा बंगल्याच्या फाटकाशी जो पांढराशुभ्र, निमुळत्या तोंडाचा, खुट्ट झालं की भुंकणारा कुत्रा ‘पॉमी’ म्हणून वाढला, तोही बहुतेक वेळा स्पिट्झच. हाक काय मारायची हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण पिल्लू घेताना हा घोळ खिशाला आणि कधीकधी त्या जिवालाही महागात पडतो.

दोघं एकाच कुळातले, म्हणून ‘पॉम म्हणजेच स्पिट्झ’ असं सर्रास समजतात. बाल्टिक समुद्राकाठचा पॉमेरेनिया हा प्रदेश आज पोलंड आणि जर्मनीत विभागलेला आहे. पॉमचं नाव तिथलं, पण तिथून आलेले मूळचे कुत्रे चांगले दणकट होते. राणी व्हिक्टोरियाने 1888 मध्ये फ्लॉरेन्सहून मार्को नावाचा पॉम आणला, त्याचं वजन साडेपाच किलोच्या आसपास होतं. तिच्या हौसेमुळे लहान पॉमची टूम निघाली. आजचा पॉम दोन-तीन किलोंचा, वीतभरापेक्षा थोडा उंच. इंडियन स्पिट्झचे पूर्वज इंग्रजांच्या काळात इकडे आलेले जर्मन स्पिट्झ मानले जातात. पिढ्यान् पिढ्या तो इथल्याच उन्हात वाढला. त्याचा लहान प्रकार पाच ते सात किलोंचा असतो, मोठा बारा ते वीस किलोंपर्यंत जातो. केनेल क्लब ऑफ इंडिया त्याला वेगळी जात म्हणून नोंदवतो.

अडचण अशी, की महिना-दीड महिन्याची दोघांची पिल्लं शेजारी ठेवली तर कापसाचे दोन गोळे. विकणारा स्पिट्झच्या पिल्लाला ‘टॉय पॉम’ म्हणतो आणि कितीतरी पट पैसे घेतो. सहा महिन्यांत पाय लांब होतात, तोंड कोल्ह्यासारखं पुढे येतं, आणि घरचे म्हणतात, ‘आमचा पॉम जरा जास्तच वाढला.’ यावर उपाय एकच, पिल्लाची आई बघा. आई दाखवायला टाळाटाळ झाली तर तिथून उठा. ‘टीकप पॉम’ किंवा ‘कल्चर पॉम’ ही विक्रेत्यांची भाषा, अशी जात कुठल्याच केनेल क्लबच्या यादीत नाही. मुद्दाम लहान ठेवण्यासाठी कमी खायला घातलेलं किंवा आईपासून लवकर तोडलेलं पिल्लू या नावाखाली खपवणारेही असतात. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला 2017 च्या नियमांनी बंदी आहे.

‘घरात लहान मूल आहे, म्हणून लहानसाच कुत्रा बघतोय,’ असं सांगणाऱ्यांना मी सरळ स्पिट्झ सुचवतो. पॉमच्या पुढच्या पायांची हाडं काडीसारखी असतात. मुलाच्या हातून सटकला किंवा सोफ्यावरून वेडीवाकडी उडी पडली, तरी मनगटाच्या वरचं हाड मोडू शकतं. गुडघ्याची वाटी सरकणं आणि श्वासनलिका दबून हंसाच्या ओरडण्यासारखा खोकला येणं, ही या जातीची नेहमीची दुखणी. म्हणून पॉमला गळपट्टा नको, छातीवरून जाणारा हार्नेस बरा. दोन मोठी माणसं, शांत घर, दिवसभर कुणीतरी जवळ, अशा ठिकाणी पॉम खुलतो. खेळणारी मुलं, येणारे-जाणारे, गच्चीवरची पळापळ असलेल्या घरात पाच-सात किलोंचा स्पिट्झ मजेत राहतो.

आता केसांविषयी. मार्च उलटला की ‘उकडतंय बिचाऱ्याला’ म्हणत दोघांचीही हजामत करून आणतात. बोटांनी अंगावरचे केस उलटे सारून बघा. वर लांब, राठ केस दिसतात आणि खाली लोकरीसारखा दाट थर. पॉमचा हा थर जास्त दाट, स्पिट्झचा पुष्कळदा विरळ. वरचे केस उन्हाचा चटका थेट कातडीवर येऊ देत नाहीत. मशीन फिरवून दोन्ही थर काढले की कातडी उघडी पडते, आणि पॉममध्ये तर केस पुन्हा नीट उगवतीलच असं नाही. काहींच्या पाठीवर टक्कल राहतं. कुत्रा अंगातली उष्णता मुख्यतः धापा टाकून बाहेर सोडतो, त्यामुळे उपाय वेगळेच आहेत: आठवड्यातून दोन-तीनदा विंचरून खालचे सुटे केस काढणं, दुपारी डांबरी रस्त्यावर न नेणं, गार लादी आणि भरपूर पाणी. नागपूरच्या मे महिन्यात पॉम ठेवायचा तर पंखा-कूलरचा विचार आधी करा. स्पिट्झ त्यामानाने निभावून नेतो, पण भर दुपारी फाटकाशी बांधून ठेवलेला तोही आजारी पडतो.

‘दूधपोळीवर वाढतो’ हेही अर्धवट खरं. तेवढ्यावर जगतो, पण प्रथिनं कमी पडतात आणि अनेकांना दूध पचत नाही. पॉमच्या पिल्लाची एखाद-दुसरी वेळ जेवणाची चुकली तर रक्तातली साखर उतरून ते गळून पडू शकतं, म्हणून थोडं थोडं, वेळेवर. प्रसादाचा शिरा देताना हात आवरा, त्यातले बेदाणे कुत्र्यांच्या मूत्रपिंडावर घाव घालतात. द्राक्षांचंही तेच. कांदा-लसणाचं उष्टंही नको, त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

भुंकण्याबद्दल मात्र कुणाचीच बाजू घेता येत नाही. दोघंही राखणदार कुळातले, लिफ्टचा दरवाजा वाजला तरी बोलणारच. सोसायटीला पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, असं भारतीय पशुकल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. शेजाऱ्याची दुपारची झोप मात्र त्या सूचनांनी शाबूत राहत नाही. दारावर कुणी आलं की जागेवर बसायची सवय पहिल्या वर्षातच लावावी लागते. ‘एवढासा तर आहे’ म्हणून रेबीजची लस टाळणारेही भेटतात. लस तीन महिन्यांच्या पिल्लाला आणि पुढे डॉक्टर सांगतील त्या वेळापत्रकाने, मग तो दोन किलोंचा असो की वीस. पावसाळी भागात लेप्टोची लसही त्याच भेटीत विचारून घ्या.