नुसतं दिसून भागत नाही

दरीपलीकडच्या आरोग्य केंद्राला तालुक्याच्या गावाहून बिनतारी इंटरनेट द्यायचं ठरलं, की पहिला प्रश्न येतो, ‘अँटेना केवढ्याला?’ मी मात्र आधी विचारतो, ‘गच्चीवर जायला जिना कुठून?’ यंत्र बाजारात मिळतं, जागा शोधावी लागते.

जागेची पाहणी नकाशापासून सुरू होते. दोन ठिकाणांमधलं अंतर मोजायचं, मधल्या जमिनीचे चढउतार पाहायचे. मग दुर्बीण आणि होकायंत्र घेऊन गच्ची गाठायची. समोरच्या गावातली पाण्याची टाकी दिसली, की लोक म्हणतात, ‘झालं की काम!’ पण डोळ्याला दिसणं वेगळं आणि लहरींना वाट मिळणं वेगळं.

रेडिओलहरींना लागणारी मोकळी जागा मृदंगासारखी असते. टोकांना निमुळती, मध्ये फुगलेली. फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रेनेल यांच्या नावानं तिला ‘फ्रेनेल क्षेत्र’ म्हणतात. अंतर १० किलोमीटर आणि लहरी ५.८ गिगाहर्ट्झच्या असतील, तर मध्यावर या मृदंगाची त्रिज्या सुमारे ११ मीटर भरते. त्यातली निदान ६० टक्के, म्हणजे जवळपास ७ मीटर जागा मोकळी हवी. नकाशावरून हिशेब करताना पृथ्वीच्या गोलाईसाठी आणखी दीड मीटर धरायचा.

आता या वाटेत एखादा डेरेदार आंबा येतो. या लहरींना पावसाच्या सरींचा फारसा त्रास होत नाही. अडवतात ती ओली पानं. उन्हाळ्यात पानं झडलेल्या झाडांमधून ठणठणीत चालणारी जोडणी श्रावणात रडू लागते, ती यामुळेच. म्हणून पाहणी झाडं भरात असताना करावी. ते जमलं नाही, तर पालवीसाठी आणि झाडाच्या वाढीसाठी जागा सोडावी.

‘झाडच तोडू या,’ असा सल्ला लगेच मिळतो. त्याआधी दुसरी गच्ची पाहा, नाहीतर खांब उंच करा, असं मी सांगतो. मात्र खांब उंच केला, की वाऱ्याचा जोर वाढतो. ताणाच्या तारा लागतात, गच्चीची ताकद तपासावी लागते, अर्थिंग पक्कं करावं लागतं. आसपासच्या इतर यंत्रांच्या लहरींची गर्दीही मोजून घ्यावी लागते.

एवढा खटाटोप कशासाठी? मुसळधार पावसात रस्ता बंद पडतो. केंद्रातल्या परिचारिकेला तालुक्याच्या डॉक्टरांचा सल्ला तेव्हाच हवा असतो. जोडणीची खरी परीक्षा त्या दिवशी असते.