शंभर किलोमीटर बीड

भूकंपात शहराची पाइपलाइन किती ठिकाणी फुटेल याचा अंदाज बांधायला बसलं, की सुरुवातीला भूकंपाचा पत्ताच नसतो. असतात ते रकाने: पाइप कशाचा, कधी टाकला, जोड कसला, खाली माती कोणती.

मग जमीन हलवायची. अमेरिकेतल्या ‘हॅझस’ पद्धतीत जमिनीचा कमाल वेग सेंटिमीटर प्रतिसेकंदात घेतात, त्याचा २.२५ वा घात काढतात आणि दहा हजारांनी भागतात. येतात त्या दर किलोमीटरच्या दुरुस्त्या. वेग ५० धरला, तर १०० किलोमीटर बिडाच्या पाइपांत साधारण ६६. वेग निम्मा केला, तर जेमतेम १४. त्यातही दहात आठ नुसत्या गळत्या धरतात: जोड ढिला होतो, पाणी झिरपतं. इथवर आकडे बरे वाटतात.

माती आली की बिनसतं. भरावाची ओली वाळू हादऱ्यांनी पातळ होऊन जमीन फूटभर सरकली, तर तेवढ्याच लांबीत ४०० दुरुस्त्या निघतात, आणि प्रमाणही उलटतं. आता दहात आठ ठिकाणी पाइप तुटलेलाच. म्हणून भूकंप किती रिश्टरचा, यापेक्षा भरावाची हद्द कुठे संपते हे मी आधी पाहतो.

कॅलिफोर्नियात हेवर्ड प्रस्तरभंगावर ७.० तीव्रतेचा भूकंप झाला तर काय होईल, हे ‘हेवायर्ड’ या अभ्यासात मांडलं आहे. तिथला शेवटचा मोठा भूकंप १८६८ चा. सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या पूर्वेकडच्या काही रहिवाशांचं पाणी सहा महिने बंद राहू शकतं, असं त्यात निघालं. एवढा वेळ का, हे प्लंबरला सांगावं लागत नाही. पाइपात पाणी सोडल्याशिवाय गळती दिसत नाही. भरा, शोधा, व्हॉल्व्ह बंद करा, खणा, जोडा, पुन्हा भरा. तोवर पुढची गळती वर येते. शिवाय पंपाला वीज हवी आणि खणायला माणसं. त्यांचीही घरं त्याच भूकंपात हललेली.

जुन्या वस्त्यांत मात्र ‘कशाचा पाइप’ हा रकाना बऱ्याचदा रिकामा सापडतो. मग आजूबाजूच्या इमारतींच्या वयावरून ठरवायचं. बीड लिहिलं तर आकडा पूर्ण, लवचीक डक्टाइल लिहिलं तर ०.३ ने गुणायचं. त्या ४०० च्या १२० होतात, आणि रस्त्याखाली काय आहे ते खणेपर्यंत कुणी पाहिलेलं नसतं.