संभाषणाचा द्वारपाल कोण?

परगावी गेलेल्या भाविकाशी व्हिडिओवर बोलण्याचा प्रघात आता आपल्या धर्मग्रामांतही पडला आहे. प्रायश्चित्त संस्कार समक्षच व्हावयाचा. परंतु समुपदेशनात सांगितलेले दुःखही गुप्तच राखावयाचे असते. ते ज्या यंत्रातून जाते ते कोणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न म्हणूनच आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

प्रचलित सेवांत हे मधले यंत्र, म्हणजे सर्व्हर, कंपनीच्या स्वाधीन असते. याला एक पर्याय ‘जित्सी मीट’ हा होय. जित्सीचा आरंभ २००३ साली फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग विद्यापीठात झाला. तिची आज्ञावली सर्वांस खुली असल्याने कोणतीही संस्था ती विनामूल्य घेऊन स्वतःच्या सर्व्हरवर बसवू शकते.

तथापि आपला सर्व्हर म्हणजे पूर्ण गुप्तता नव्हे. दोघांचेच बोलणे सामान्यतः थेट एकमेकांच्या यंत्रांत होते व वाटेत कोणासही उलगडत नाही. तिसरा येताच चित्र व आवाज सर्व्हरमार्गे जातात. तेथे त्यांचे सांकेतिक आवरण उतरवून पुन्हा चढविले जाते. त्या क्षणी सर्व्हर सांभाळणाऱ्याने मनात आणल्यास तो ऐकू शकतो. २०२० साली यावर अखंड सांकेतिकरणाची सोय झाली. मात्र ती बैठकीत मुद्दाम सुरू करावी लागते व प्रत्येक ब्राउझरवर चालत नाही.

सारांश, विश्वासाची गरज संपत नाही. तो कंपनीऐवजी आपल्याच माणसावर ठेवावा लागतो. यंत्र निवडण्यापूर्वी हा द्वारपाल पारखून घ्यावा, एवढेच आमचे सांगणे.