दुधाला पर्याय शोधताना

वर्ध्याच्या मगनवाडीत १९३५ साली रोजचं जेवण हाच एक प्रयोग होता. पानात हातसडीचा तांदूळ, कडुलिंबाचा पाला आणि चिंच असे, आणि कित्येक आठवडे सोयाबीनही वाढलं जाई. ते कुणाला पचलं, कुणाचं वजन वाढलं, याकडे गांधीजींचं बारीक लक्ष असे आणि ‘हरिजन’मधून ते त्यावर लिहीत. डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला होता. जमनालाल बजाजांनी दिलेल्या मगनवाडीत त्याचं काम चाले. खेड्यातल्या गरिबाला कमी पैशांत पुरेसं पोषण कसं मिळेल, हा तिथला मुख्य प्रश्न होता.

गांधीजींना मात्र एक जुना सलही होता. १९१२ मध्ये त्यांनी दूध न घेण्याचं व्रत घेतलं. पुढे आमांशानं शरीर पार खचलं आणि १९१९ च्या जानेवारीत मुंबईत शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉ. दलालांनी सांगितलं, की दुधाशिवाय शरीर पुन्हा उभं राहणार नाही. लोह आणि सोमलाची इंजेक्शनंही त्यांनी सुचवली. इंजेक्शनं चालतील, दूध नाही, असं गांधीजी म्हणाले. खाटेजवळ उभ्या असलेल्या कस्तुरबांनी शेळीच्या दुधाची वाट काढली. गांधीजींनी ते घेतलं, पण व्रताचा अर्थ आपण सोयीनं लावला ही टोचणी त्यांना कायम राहिली. १९४२ मध्ये आगाखान पॅलेसच्या बंदिवासात आरोग्यावर लिहितानाही त्यांची आशा सुटली नव्हती: एवढ्या अफाट वनस्पतिसृष्टीत दुधाची जागा घेणारं काहीतरी असणारच.

दुधामांसात असं काय आहे, जे डाळ-भाजीत नाही? या कोड्याचा एक धागा बोस्टनच्या सरकारी इस्पितळात, रोग्यांच्या जठरात सापडला होता.

लंडनच्या डॉ. थॉमस अ‍ॅडिसन यांनी १८४९ मध्ये एका विचित्र पांडुरोगाचं वर्णन केलं होतं. रोगी हळूहळू फिकट पडत जाई, पुढे जीभ सोलवटे, पाय बधिर होत आणि शेवटी मृत्यू ठरलेला. १९२६ मध्ये डॉ. मायनॉट आणि डॉ. मर्फी यांनी अशा ४५ रोग्यांना रोज जवळपास पाव किलो यकृत खाऊ घातलं आणि मरणाच्या दारातली माणसं उठून बसली. जगानं टाळ्या वाजवल्या. बोस्टन सिटी हॉस्पिटलमधल्या तरुण विल्यम कॅसल यांना मात्र वेगळाच प्रश्न पडला: निरोगी माणसाला रोज पाव किलो यकृत का लागत नाही?

या रोग्यांच्या जठरात आम्ल नसतं, हे डॉक्टरांना ठाऊक होतं. म्हणून कित्येक रोग्यांना हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंबही पाजले जात, पण रक्त सुधारत नसे. तेव्हा आम्लाबरोबर जठरातून आणखी काही नाहीसं झालं असेल का? कॅसल यांनी रोग्यांना दहा दिवस रोज २०० ग्रॅम कमी शिजवलेलं मांस दिलं. रक्तात काहीच हालचाल झाली नाही. मग पुढच्या दहा दिवसांत त्यांनी मांस स्वतः खाल्लं, तासाभरानं घशात बोटं घालून ओकून काढलं, ते पातळ होईपर्यंत ऊबेत ठेवलं आणि नळीवाटे रोग्याच्या पोटात सोडलं. सहाव्या दिवसाच्या सुमारास रोग्याच्या रक्तात कोवळ्या तांबड्या पेशी भराभर दिसू लागल्या. नुसत्या जठररसाचा उपयोग झाला नाही, नुसत्या मांसाचाही नाही. दोन्ही एकत्र आल्यावरच गुण आला. १९२९ मध्ये कॅसल यांनी हे प्रसिद्ध केलं. अन्नातला एक घटक आणि जठरातला एक घटक, अशी ती जोडी होती.

नेमक्या त्याच काळात मुंबईत डॉ. ल्युसी विल्स गिरणी कामगार बायकांचं रक्त तपासत होत्या. गरोदरपणात या बायकांच्या तांबड्या पेशी फुगून मोठ्या होत, अगदी अ‍ॅडिसनच्या रोग्यांसारख्या, आणि कितीतरी जणी दगावत. एस. एन. तळपदे यांच्या साथीनं विल्स यांनी त्या काय खातात, कशा राहतात, याची पाहणी केली. कुन्नूरला प्राण्यांवर प्रयोग झाले आणि यीस्टच्या स्वस्त अर्कानं, मार्माइटनं, गुण आला. यकृताचा शुद्ध केलेला अर्क अ‍ॅडिसनच्या रोग्यांना तारत असे. या बायकांना मात्र तो लागू पडत नसे. रक्ताचं चित्र एक, पण मुळं दोन! विल्स यांच्या हाती लागलेलं मूळ पुढे फॉलिक अ‍ॅसिड म्हणून ओळखलं गेलं.

कॅसल यांच्या जोडीतला अन्नातला घटक मात्र १९४८ पर्यंत हुलकावणी देत राहिला. त्या वर्षी अमेरिकेत मर्क कंपनीतल्या आणि इंग्लंडमध्ये ग्लॅक्सोतल्या संशोधकांनी यकृतातून लालभडक स्फटिक वेगळे केल्याचं जाहीर केलं. मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागात मोजावी एवढीच त्यांची मात्रा पुरत होती. हेच ब-१२ जीवनसत्त्व. मग उलगडलं, की ते वनस्पती तयार करत नाहीत आणि प्राणीही नाहीत. करतात ते सूक्ष्मजीव. गाई-शेळ्यांच्या पोटातले जिवाणू ते बनवतात, म्हणून ते दुधात उतरतं. मर्कच्या संशोधकांना ते स्ट्रेप्टोमायसिन देणाऱ्या मातीतल्या जिवाणूच्या द्रवातही मिळालं. गांधीजी वनस्पतिसृष्टीत जे शोधत होते, त्यातला एक मोलाचा घटक मातीत आणि जनावराच्या पोटात होता. ते लाल स्फटिक हाती लागल्याचं जाहीर झालं तेव्हा त्यांची हत्या होऊन काही महिनेच झाले होते. आज ब-१२ ची गोळी जिवाणूंच्या किण्वनातूनच बनते. त्यासाठी गाय लागत नाही, म्हैसही नाही.

कोड्याचा दुसरा अर्धा भाग आपल्या पोटात आहे आणि आज तोच जास्त दुर्लक्षित आहे. दुधा-अंड्यातलं ब-१२ प्रथिनाला घट्ट चिकटलेलं असतं. जठरातलं आम्ल आणि पेप्सिन ते सोडवतात. पुढे जठरातून आलेलं एक प्रथिन, म्हणजे कॅसल यांचा घटक, त्याला धरून लहान आतड्याच्या शेवटापर्यंत नेतं आणि तिथे ते शोषलं जातं. आम्ल आणि हे प्रथिन, दोन्ही जठराच्या अस्तरातल्या एकाच प्रकारच्या पेशी तयार करतात. म्हणूनच अ‍ॅडिसन यांनी वर्णन केलेल्या पांडुरोगात दोन्ही एकदम संपतात. भाजी-धान्यातलं लोह विरघळायलाही आम्ल लागतं. वय वाढताना, हेलिकोबॅक्टर जिवाणूच्या जुन्या संसर्गानं किंवा आम्ल दाबणाऱ्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्यानं आम्ल घटू शकतं. २०१३ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात अशा गोळ्या दोन वर्षं किंवा जास्त घेणाऱ्यांमध्ये ब-१२ ची कमतरता लक्षणीय जास्त आढळली.

आपल्याकडे हा धोका दुहेरी आहे. ताटात वरण-भात-भाजी, दूध कपभर चहापुरतं. त्यात ‘अ‍ॅसिडिटी’ची गोळी दुकानातून आणून रोज सकाळी घ्यायची सवय. आधीच थोडं येणारं ब-१२ त्यामुळे अन्नातून नीट सुटतही नाही. गोळीतलं ब-१२ प्रथिनाला चिकटलेलं नसतं, म्हणून आम्ल कमी असलं तरी ते कामी येतं. आणि मोठ्या मात्रेतला थोडासा अंश जठरातल्या घटकाशिवायही शोषला जातो. उपाय इतका सोपा असताना माणसं उशिरा पोचतात, याचं वाईट वाटतं.

म्हणून पायाला मुंग्या येणं, चालताना तोल जाणं, जीभ गुळगुळीत होणं, सतत थकवा, हे वयावर ढकलू नका. जवळच्या दवाखान्यात ब-१२ तपासून घ्या आणि आम्ल दाबणारी गोळी किती वर्षं चालू आहे तेही डॉक्टरांना सांगा. स्वतःच्या मनानं नुसतं फॉलिक अ‍ॅसिड घेऊ नका: विल्स यांच्या त्या औषधानं रक्त सुधारलेलं दिसतं, पण ब-१२ कमी असेल तर मज्जातंतू आतून झिजतच राहतात, आणि फार उशीर झाला तर ती झीज भरून येत नाही.