बोरीच्या मुलीला कोणाची मज्जा जुळेल?

परभणीच्या मोंढ्यात कधी गेला आहात काय? व्यापारी बंद पोत्यात पोकळ सळई खुपसतो, मूठभर सोयाबीन तळहातावर घेतो आणि आतला माल कसा आहे ते ओळखतो. आपल्या शरीरातील बहुतेक पेशी असाच नमुना सतत बाहेर मांडीत असतात. पेशीत तयार होणाऱ्या प्रथिनांचे बारीक तुकडे पृष्ठभागावर आणले जातात आणि रक्तातील काही पांढऱ्या पेशी ते तपासून पाहतात. तुकडा विषाणूचा निघाला की त्या पेशीचा नाश होतो. हे तुकडे धरणारा 'तळहात' म्हणजे एचएलए नावाची प्रथिने.

हे तळहात सर्वांचे सारखे नसतात. ते घडवणारी जनुके सहाव्या गुणसूत्रावर असून त्यांचे ४०,००० हून अधिक प्रकार नोंदले गेले आहेत. एकाच्या तळहातावर नीट बसणारा तुकडा दुसऱ्याच्या हातून निसटतो. त्यामुळे एकच विषाणू साऱ्या गावाला एकाच युक्तीने फसवू शकत नाही.

पण हीच विविधता कधी आडवी येते. समजा, जिंतूर तालुक्यातील बोरी येथील एका मुलीला थॅलॅसेमिया आहे आणि तिची अस्थिमज्जा बदलायची आहे. एचएलए न जुळणाऱ्या दात्याची मज्जा दिली, तर त्या मज्जेतील पांढऱ्या पेशी मुलीच्याच शरीरावर उलटू शकतात. मग आधी सख्खा भाऊ तपासतात. आईजवळ या जनुकांचे दोन संच, वडिलांजवळ दोन. मुलाला प्रत्येकाकडून एकेक मिळतो. वहीत मांडून पाहा, चारच जोड्या होतील. म्हणजे भाऊ पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक! आईवडील सहसा निम्मेच जुळतात. अलीकडे त्यांचीही मज्जा वापरतात, पण ते काम अधिक जिकिरीचे असते.

भाऊ जुळला नाही, तर परका दाता शोधायचा. जगभरच्या नोंदींत ४ कोटींहून अधिक दाते आहेत. मग अडचण कसली? १९५८ साली झां दोसे या फ्रेंच शास्त्रज्ञाने यातला पहिला प्रकार शोधला. पुढे त्याला ए-२ म्हणू लागले. (दोसे यांना १९८० चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.) ए-२ युरोपातही आढळतो, आपल्याकडेही. परंतु जनुक बारकाईने वाचल्यावर दिसले, की युरोपियनांत बहुधा ०२:०१ हा उपप्रकार असतो, तर भारतीयांत ०२:११ पुष्कळ आढळतो. नाव एक, माणसे दोन, असाच हा प्रकार! त्यात आपल्याकडे शतकानुशतके लग्ने जातीत आणि जवळच्या गावांत होत आली. त्यामुळे जनुकांचे ठरावीक संच त्या त्या समाजात टिकून राहिले. बोरीच्या मुलीला जुळणारा माणूस बर्लिनपेक्षा मराठवाड्यात सापडण्याचा संभव अधिक आहे. पण तो नोंदीत असला पाहिजे. १४० कोटींच्या आपल्या देशात नोंदलेले दाते अवघे काही लाख आहेत.

नोंदणी अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर करता येते. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवला की तपासणीपुरत्या पेशी मिळतात. पुढे कोणाशी जुळलेच, तर बहुतेक वेळा हाड टोचावे लागत नाही; दंडातून रक्त काढून यंत्र त्यातील मूलपेशी वेगळ्या करते आणि उरलेले रक्त दात्याला परत देते.